ग्रब रेस्क्यूवर अडकलंय. लिनक्सचं पार्टिशन माझ्याच हातून उडालं, मशीनची सेटिंग परत मिळेल का?

अंबडची_मिलिंगवाली
मंगळवार, रात्री ९:५०

नमस्कार. फोनवरून लिहितेय, कारण कॉम्प्युटरच बंद आहे. इंग्रजी कीबोर्ड घेतला की हा फोन प्रत्येक कमांड स्वतःच्या मनाने दुरुस्त करतो, म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय. सांभाळून घ्या.

अंबड एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. पप्पा आणि दोन कारागीर. एक जुनी हातचाकांची मिलिंग मशीन होती, तिला चार वर्षांपूर्वी स्टेपर मोटर बसवून घेतल्या. ती लिनक्स-सीएनसी या मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालते, प्रिंटरच्या जुन्या जाड पोर्टमधून. त्याच कॉम्प्युटरवर विंडोज १० पण आहे. टॅली आणि ड्रॉइंगचं काम मी त्यावर करते. चालू केला की काळ्या पडद्यावर (तोच ग्रब) विचारतो, डेबियन, म्हणजे आमचं लिनक्स, की विंडोज. सकाळी पप्पा डेबियन घेतात, दुपारी चहानंतर मी विंडोज.

आज काय केलं ते सरळ सांगते. डी ड्राइव्ह भरून लाल झाला होता. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर शेवटी ४० जीबीचा एक तुकडा दिसला, ना नाव ना अक्षर. मला वाटलं फुकट पडलाय. राइट क्लिक, डिलीट. त्याने विचारलं सुद्धा, हे पार्टिशन विंडोजने बनवलेलं नाही, दुसऱ्या सिस्टिमचा डेटा असू शकतो, उडवू का? मी येस दाबलं. मग डी वाढवायला गेले तर एक्स्टेंड हा शब्दच फिका, दाबताच येईना. कंटाळून रिस्टार्ट मारला आणि तेव्हापासून फक्त हे येतं:

एरर: अननोन फाइलसिस्टिम. एन्टरिंग रेस्क्यू मोड... ग्रब रेस्क्यू>

विंडोज पण येत नाही. पप्पांना अजून सांगितलेलं नाही. ते म्हणतील "बरं झालं", आणि तो "बरं झालं" मला दोन दिवस पुरेल.

गुरुवारी ब्लोअरच्या पंपाचे ६० फ्लँज द्यायचेत. छाटण्या होऊन गेल्यात, वर परतीचा पाऊस, द्राक्षवाल्यांचे डाऊनी रोगाचे फवारे रोज चालू. त्यामुळे ज्यांची ऑर्डर आहे ते दिवसातून दोनदा फोन करतायत. प्रोग्राम मी परत लिहीन हो. पण मशीनची सेटिंगची फाइल त्या लिनक्समध्येच होती. पप्पांनी डायल लावून आठवडाभर बसून एकेका अक्षाचा आकडा बसवला होता. एक्सचा स्केल हिशोबाने ४०० येतो, त्यांनी तो ३९९.२ केला होता एवढंच मला आठवतं. स्क्रूच्या ढिलाईचे आकडे कुठेच लिहिलेले नाहीत. बॅकअप नाही. (माहितीये. बोलू नका.)

काही वाचेल का?


पवननगर_९९
मंगळवार, रात्री १०:०५

टेन्शन नको. विंडोजचा पेनड्राइव्ह लाव, रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्ट घे, बूटरेक स्लॅश फिक्स-एमबीआर मार. दोन मिनिटांत विंडोज चालू. मग लिनक्स त्या ४० जीबीत परत टाकून दे. मी दहा वेळा केलंय.


जुना_डिप्लोमा
मंगळवार, रात्री १०:३१

ताई, वरच्या उत्तरातला पहिला अर्धा भाग चालेल. दुसरा अर्धा अजिबात करू नका. त्या ४० जीबीत काहीही नवीन टाकलंत की मग खरंच गेलं. आत्ता गेलेलं नाही.

मी अठ्ठावीस वर्षं डिप्लोमाच्या पोरांची लॅब सांभाळली. दर सत्रात एक तरी पोरगा हेच करायचा, आणि दर वेळी रडायचा डेटासाठी, जो जागच्या जागी असायचा.

हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे बूटचा कोड. पुढचे ६४ म्हणजे पार्टिशनची यादी, चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. शेवटचे २ ही सही, ५५ एए. या चारांतलं एक एक्स्टेंडेड असू शकतं, म्हणजे आत आणखी तुकडे मावणारं; आतल्या तुकड्यांना लॉजिकल म्हणतात, बाकीच्या नोंदी प्रायमरी. तुमचं लिनक्स बहुतेक एक्स्टेंडेडच्या आत, लॉजिकल होतं. लॉजिकलची नोंद त्या ६४ मध्ये नसते. एक्स्टेंडेडच्या आत प्रत्येक लॉजिकलच्या आधी एक छोटा सेक्टर असतो, तो पुढच्याचा पत्ता सांगतो, मालगाडीच्या डब्यांच्या हुकासारखं. तुम्ही डिलीट दाबलंत तेव्हा विंडोजने हुक सोडला. डबा रुळावरच उभा आहे, माल आत आहे.

आता तुमचा एररच बघा. पार्टिशन सापडलंच नसतं तर ग्रबने "नो सच पार्टिशन" म्हटलं असतं. तो म्हणतोय "अननोन फाइलसिस्टिम". म्हणजे ज्या नंबरवर तो आपल्या फायली शोधतोय तिथे काहीतरी आहे, पण त्याच्या ओळखीचं नाही. माझा अंदाज, तुमचं लिनक्स ५ नंबरला होतं आणि त्यामागे ६ नंबरला स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली की लिनक्स वापरतं ती जागा. ५ उडालं, स्वॅप एक घर पुढे सरकून ५ झालं. ग्रब ५ चं दार वाजवतोय आणि आत भाडेकरू दुसराच.

खात्री करा. त्याच काळ्या पडद्यावर एलएस लिहून एंटर मारा आणि जे येईल ते इथे जसंच्या तसं लिहा. फक्त वाचतं ते, काही बिघडत नाही.

आणि दोन प्रश्न. डिस्क फिरणारी आहे की एसएसडी? डिलीटनंतर त्या जागेत फॉरमॅट किंवा नवीन पार्टिशन केलंत का?


अंबडची_मिलिंगवाली
मंगळवार, रात्री १०:५२

सर, फिरणारी आहे, ५०० जीबी. चालू असताना कानाला कळते. फॉरमॅट नाही केलं. डिलीट केल्यावर त्या तुकड्याभोवती हिरवी चौकट आली होती, तेवढंच.

एलएस मारलं. आलं ते असं:

(एचडी०) (एचडी०,एमएसडॉस५) (एचडी०,एमएसडॉस३) (एचडी०,एमएसडॉस२) (एचडी०,एमएसडॉस१) (एफडी०)

६ नाहीये!! आधी होता का ते मात्र मला सांगता येणार नाही.


जुना_डिप्लोमा
मंगळवार, रात्री ११:०४

हिरवी चौकट म्हणजे एक्स्टेंडेडच्या आतली मोकळी जागा, म्हणूनच डी वाढवायचं बटण फिकं होतं. डी प्रायमरी आहे, त्याला त्या चौकटीच्या आत हात घालता येत नाही. ते बटण चालू असतं तर आज मी तुम्हाला वेगळं उत्तर लिहीत असतो.

एसएसडी असती आणि फॉरमॅट झालं असतं, तरीही वेगळंच. तिथे ट्रिम नावाचा प्रकार रिकामी जागा खरोखर रिकामी करून टाकतो. फिरणाऱ्या डिस्कला तेवढा उरक नाही. तिच्यावर कोणी नवीन लिहीपर्यंत जुनं असतं.

आता झोपा. उद्या दोन पेनड्राइव्ह लागतील. एकावर सिस्टिमरेस्क्यू, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स, ती एक जीबीच्या आसपास आहे, दुसऱ्या कॉम्प्युटरवर रूफस नावाच्या प्रोग्रामने टाका. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा, तुमचा बोर्ड जुना दिसतोय. दुसरा पेनड्राइव्ह रिकामा आणा, फायली उतरवायला.


देवळालीकर
मंगळवार, रात्री ११:२०

सरांशी सहमत, फक्त एक भर. शक्य असेल तर आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग हात लावा. ५०० जीबीची बाहेरची डिस्क कोणाकडे उसनी मिळाली तरी चालेल.


पवननगर_९९
मंगळवार, रात्री ११:२४

६० फ्लँज गुरुवारी द्यायचेत, आणि हे म्हणतात इमेज घ्या 😄 जुन्या डिस्कवर ५०० जीबी म्हणजे रात्र गेली.


अंबडची_मिलिंगवाली
बुधवार, दुपारी १:१५

अपडेट, आणि आधीच सॉरी.

सकाळी मी पोचायच्या आत आमचा आतेभाऊ गाळ्यावर आला होता. तो सिडकोत कॉम्प्युटर दुरुस्तीला जातो. पप्पांनीच फोन केला होता. म्हणजे त्यांना कळलं. त्याने विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ते फिक्स-एमबीआर मारलं. विंडोज चालू झालं, टॅली उघडली, पप्पा खूश. काळा पडदा गेला. पण आता डेबियन की विंडोज हे विचारतच नाही, सरळ विंडोज.

पुढे तो म्हणाला, थांब ताई, त्या जागेत नवीन ड्राइव्ह करून देतो, तुझा डी पण मोकळा होईल. मी त्याच्या हातावर हात ठेवला, खरंच. पप्पा बघत राहिले.

सर, मेलं का मग सगळं?


जुना_डिप्लोमा
बुधवार, दुपारी १:४०

काही मेलं नाही. फिक्स-एमबीआर त्या पहिल्या ४४६ मधला कोड बदलतं, ६४ च्या यादीला हात लावत नाही. ग्रबची पाटी काढून विंडोजची पाटी लावली, एवढंच. आतलं घर तसंच. उलट बरंच झालं, टॅली चालू झाली.

विंडोज वापरा, पण डिस्क मॅनेजमेंट उघडू नका. आतेभावालाही उघडू देऊ नका.

संध्याकाळी काम संपलं की हे करा. कमांडची सगळी अक्षरं लहान, इंग्रजीत. मी बोलून दाखवतोय तसं लिहितो.

सिस्टिमरेस्क्यूवरून चालू करा. पहिलं काम, एलएसबीएलके. डिस्कची यादी येईल. ४६५ जीबीच्या आसपास दिसेल ती तुमची, बहुतेक एसडीए. पेनड्राइव्ह एसडीबी, एसडीसी असे असतील. इथे चूक करू नका, पुढचं सगळं यावर आहे.

दुसरं, आत्ता जी यादी डिस्कवर आहे तिची लेखी प्रत घ्या. रिकामा पेनड्राइव्ह स्लॅश एमएनटीवर माउंट करा आणि एसएफडिस्क, स्पेस, दोन डॅश डम्प, स्पेस, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए, मग मोठ्याचं चिन्ह, आणि पेनड्राइव्हवरच्या फाइलचं नाव. दहा ओळींची साधी मजकुराची फाइल होईल. बरेच जण फक्त पहिले ५१२ बाइट उतरवून ठेवतात आणि समजतात बॅकअप झाला. त्यात लॉजिकल येतच नाहीत, ते दुसरीकडे लिहिलेले असतात हे वर सांगितलंच.

तिसरं, टेस्टडिस्क, हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्राम. हेच लिहून एंटर. लॉग बनवू का विचारेल, क्रिएट. डिस्क निवडा. प्रकार इंटेल. मग अॅनलाइज, मग क्विक सर्च. तो डिस्कभर फिरून फाइलसिस्टिमच्या खुणा शोधतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून सुपरब्लॉक असतो, त्यात ईएफ५३ ही खूण असते, आणि पार्टिशन केवढं आहे तेही तिथेच लिहिलेलं असतं. म्हणून यादी पुसली तरी डबा स्वतःचं माप स्वतः सांगतो.

लिनक्सची ओळ दिसली की तिच्यावर जा आणि पी दाबा. आतल्या फायली दिसतील. दिसल्या तर आधी सेटिंगचं फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. फोल्डरवर उभं राहून छोटा सी, जागा निवडून मोठा सी. ते हातात आल्याशिवाय डिस्कवर एक अक्षर लिहायचं नाही. देवळालीकरांची इमेज राहू द्या, पण एवढं तरी कराच.

इथपर्यंत करून मला सांगा.


निफाडचा_नातू
बुधवार, दुपारी ३:०८

धागा वाचतोय म्हणून विचारतो, माझ्या नवीन लॅपटॉपवर पण उबुंटूचा मेनू गेलाय, बायोस अपडेट केल्यावर. मी पण टेस्टडिस्क चालवू का?


जुना_डिप्लोमा
बुधवार, दुपारी ३:३०

नको! तुमचा आजार दुसरा. नवीन लॅपटॉप म्हणजे यूईएफआय, बूट करायची नवी पद्धत. तिथे पहिल्या सेक्टरमधल्या कोडवर काही चालत नाही. फॅट३२ चं एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं, त्यात उबुंटूचं फोल्डर वेगळं, मायक्रोसॉफ्टचं वेगळं, आणि कोणाला आधी उठवायचं ती यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते. बायोस अपडेट झाल्यावर कधी कधी ती यादी पुसली जाते, फायली जागेवरच असतात. आधी चालू करताना एफ१२, एफ९ किंवा तुमच्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबून उबुंटू दिसतंय का बघा. नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून ईएफआय-बूट-एमजीआर चालवून नोंद परत घालायची. तो पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू झालेला हवा, नाहीतर ती कमांड चालणारच नाही. आणि सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली कुठे आहे ती शोधून ठेवा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू. इथे ताईंचे फ्लँज अडकलेत.


अंबडची_मिलिंगवाली
बुधवार, रात्री ८:४५

सर!!!

पी दाबलं आणि होम दिसलं, त्यात लिनक्स-सीएनसी, त्यात कॉन्फिग्ज, त्यात आमच्या मशीनच्या नावाचं फोल्डर. मी ओरडले. कारागीर बाहेरून पळत आले, त्यांना वाटलं बोट गेलं.

पेनड्राइव्हवर उतरवलं, मग त्यातली फाइल उघडून बघितली. एक्स ३९९.२. वायची ढिलाई ०.०७, झेडची ०.०४. हे सगळं आता गाळ्याच्या भिंतीवर कॅलेंडरच्या मागे मार्करने लिहून टाकलंय. पप्पांनीच लिहिलं.

आता यादीतलं एक कळत नाहीये. टेस्टडिस्कमध्ये सहा ओळी आल्यात. सी, डी, ती १०० एमबीची छोटी, लिनक्स, लिनक्स स्वॅप, आणि अजून एक एनटीएफएस (विंडोजवाली), जी डीपेक्षा मोठी आहे. अशी कुठली ड्राइव्ह आमच्याकडे नाही. काहींच्या पुढे डी, काहींच्या पुढे पी असं अक्षर आहे. तो डी म्हणजे डी ड्राइव्ह का?


जुना_डिप्लोमा
बुधवार, रात्री ९:०२

नाही, तो डी म्हणजे डिलिटेड. पी प्रायमरी, एल लॉजिकल, चांदणी म्हणजे बूट होणारं प्रायमरी.

ती मोठी एनटीएफएस हे भूत आहे. लिनक्स टाकताना कोणीतरी डी लहान करून जागा काढली असणार. जुन्या, मोठ्या डीची खूण डिस्कच्या शेवटाकडे राहून गेली. तिला डिलिटेडच राहू द्या. ती घेतलीत तर ती लिनक्सच्या अंगावर बसेल.

तुम्हाला हवं ते असं: १०० एमबीच्या पुढे चांदणी, सी आणि डीच्या पुढे पी, लिनक्स आणि स्वॅपच्या पुढे एल. डाव्या-उजव्या बाणाने अक्षर बदलतं. सगळं बरोबर जमलं की खाली हिरव्यात "स्ट्रक्चर: ओके" येतं. तसं आलं नाही तर काही न लिहिता क्यू दाबून बाहेर या. आलं तर एंटर, मग राइट, मग वाय. आणि रिस्टार्ट.

रिस्टार्टनंतर विंडोजच येईल, घाबरू नका. ग्रबची पाटी अजून लावायचीय. परत सिस्टिमरेस्क्यू:

माउंट, स्पेस, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए५, स्पेस, स्लॅश एमएनटी.

मग डेव्ह, प्रॉक, सिस, रन या चारही फोल्डरना माउंट डॅश डॅश बाइंडने स्लॅश एमएनटीच्या आतल्या त्याच नावाच्या फोल्डरवर जोडा. मग सीएचरूट, स्पेस, स्लॅश एमएनटी, स्पेस, स्लॅश बिन स्लॅश बॅश. आता तुम्ही पेनड्राइव्हवर असूनही तुमच्या डेबियनच्या घरात उभ्या आहात.

तिथून ग्रब डॅश इन्स्टॉल, स्पेस, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए. एसडीए, एसडीए५ नाही. पाटी अख्ख्या डिस्कच्या दारावर लावायची, खोलीच्या नाही. मग अपडेट डॅश ग्रब. त्यात विंडोज सापडल्याची ओळ आली पाहिजे. "ओएस-प्रोबर चालवणार नाही" (दुसऱ्या सिस्टिम शोधतो तो) अशी वॉर्निंग आली तर सांगा, एका फाइलमध्ये एक ओळ घालावी लागेल. डेबियन १२ पासून ते मुळातच बंद असतं.


अंबडची_मिलिंगवाली
बुधवार, रात्री १०:१०

स्ट्रक्चर ओके आलं. लिहिलं. रिस्टार्ट केलं. एसडीए५ परत दिसतंय, ६ पण!

पण सीएचरूटनंतर ग्रब डॅश इन्स्टॉल म्हटलं की "कमांड नॉट फाउंड". स्पेलिंग चार वेळा तपासलं. मागे उभे राहून पप्पा अक्षर न् अक्षर वाचून दाखवतायत, "डॅश म्हणजे आडवी रेघ ना?"


देवळालीकर
बुधवार, रात्री १०:१८

हे माझ्याबरोबर पण झालंय. सिस्टिमरेस्क्यू आर्चवर बनलेली आहे. आर्चमध्ये असले सगळे प्रोग्राम यूएसआर-बिनमध्ये, डेबियनमध्ये ग्रब डॅश इन्स्टॉल यूएसआर-एसबिनमध्ये. तुम्ही डेबियनच्या घरात गेलात, पण खिशात पत्ते आर्चचे. एक्झिट करा आणि परत सीएचरूट मारताना शेवटी बॅशनंतर स्पेस देऊन डॅश एल लावा. मग तो डेबियनची स्वतःची यादी वाचेल.


अंबडची_मिलिंगवाली
बुधवार, रात्री १०:४०

झालं!!!! "इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड." अपडेट-ग्रबमध्ये विंडोज १० ची ओळ पण आली, वॉर्निंग नाही. ज्यांनी मशीन बसवून दिली त्या दादांनी ती ओळ आधीच घालून ठेवली असणार.

रिस्टार्ट केलं. डेबियन की विंडोज. इतका आवडता प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता.

पप्पांनी तेवढ्या रात्री मशीन होम केली, डायल लावला, एक्स शंभर मिलिमीटर पुढे नेऊन परत आणला. काटा जागेवर. मग म्हणाले, "बरं झालं." पण हा वेगळा होता.


अंबडची_मिलिंगवाली
गुरुवार, संध्याकाळी ७:३०

५४ फ्लँज गेले, ६ उद्या सकाळी. त्यात कॉम्प्युटरचा दोष नाही, ड्रिल तुटला.

एक जुनंच दुखणं विचारून घेते. डेबियनवरून विंडोजला आलं की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे असतं. हे पहिल्यापासूनच आहे. पप्पा पडद्यावर बघतच नाहीत, मनगटावर बघतात. पण मी एकदा सकाळी नऊला बिलाचा मेल केला होता आणि पार्टीने विचारलं, पहाटे साडेतीनला बिलं पाठवता का ताई?


देवळालीकर
गुरुवार, रात्री ८:०१

लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच आपली समजतं. फरक साडेपाच. डेबियनमध्ये टर्मिनल उघडून सुडो, स्पेस, टाइमडेटसीटीएल, स्पेस, सेट डॅश लोकल डॅश आरटीसी, स्पेस, १. मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा नीट लावा. ती कमांड थोडी कुरकुर करेल की हे बरोबर नाही, वगैरे. करू द्या. दोन्ही सिस्टिम असलेल्या घरात असंच चालतं.


जुना_डिप्लोमा
गुरुवार, रात्री ८:२५

छान. ती दहा ओळींची फाइल आता नव्याने काढा, ६ नंबर परत आल्यावरची, आणि सेटिंगच्या फोल्डरसोबत दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. तो पेनड्राइव्ह घरी. गाळ्यात नको, तिथे सगळं तेलाने माखतं.

आतेभावाला माझा नमस्कार सांगा. त्याने विंडोज चालू करून दिलं ते बरोबरच केलं, पुढचा हात तुम्ही धरलात म्हणून.


पवननगर_९९
गुरुवार, रात्री ८:४०

सगळं झालं, पण मूळ प्रश्न राहिलाच की. डी ड्राइव्हमध्ये जागा झाली का?


अंबडची_मिलिंगवाली
गुरुवार, रात्री ९:१२

नाही हो. अजून लालच आहे. आज बघितलं आत काय आहे ते. एका फोल्डरमध्ये पप्पांच्या फोनचे ११० जीबी व्हिडिओ निघाले. त्यातले अर्धे मिलिंग मशीनचेच, टेबल डावीकडे जातंय, उजवीकडे जातंय. डिलीट करू का विचारलं तर म्हणाले, त्याला हात लावू नको.